दहा टक्क्यांचा प्रामाणिकपणा

राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखड्याने, म्हणजे एनआयआरएफने, 2025 च्या क्रमवारीत एक नवी गोष्ट केली. प्रसिद्ध होऊन नंतर मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांबद्दल संस्थांना ऋण गुण देण्यास सुरुवात केली. निबंध मोजून प्रतिष्ठा वाटणाऱ्या यंत्रणेला काही निबंध लाजिरवाणे असतात हे मान्य करावे लागले, एवढ्यापुरते या निर्णयाचे स्वागतच करायला हवे. पण वाङ्मयचौर्याचा विषय निघाला की आपल्याकडे जो सूर लागतो, तोच याही वेळी लागला. मुले आळशी झाली आहेत, संस्कार उरले नाहीत, मोबाइलने वाट लावली, शिक्षा कडक करा, सॉफ्टवेअर अधिक चांगले आणा.

या सुराशी माझे भांडण आहे. विद्यार्थी नक्कल करतो ती त्याच्या स्वभावात खोट असते म्हणून, या गृहीतकावर आपली सारी उपाययोजना उभी आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. नक्कल ही आमच्या शिक्षणव्यवस्थेने शिकवलेली गोष्ट आहे. ती आम्ही लवकर शिकवतो, मन लावून शिकवतो आणि तिच्यासाठी गुणही देतो. पुढे तोच विद्यार्थी पीएच.डी.चा प्रबंध उचलून आणतो तेव्हा आम्हाला धक्का बसतो, आणि त्यावर आम्ही जो उपाय योजतो तो पुन्हा तोच धडा गिरवून घेतो.

एक मर्यादा आधीच आखून घेतो. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्या हा या लेखाचा विषय नाही. 2024 च्या नीट आणि नेट परीक्षांच्या गदारोळात, 21 जून 2024 पासून सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्यासाठी त्यात 5 ते 10 वर्षे कारावास आणि किमान 1 कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. तो पोलिसांचा प्रांत आहे. मला बोलायचे आहे ते रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने दुसऱ्याचा परिच्छेद उचलणाऱ्या, एरवी सरळमार्गी असलेल्या विद्यार्थ्याबद्दल. त्याला कोणी लाच दिलेली नाही. मग तो असे का करतो?

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करू. साध्या लंबकाचा प्रयोग भारतातल्या बहुतेक विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी केलेला असतो. लंबकाची लांबी 100 सेंटीमीटर, 20 दोलनांना लागणारा वेळ सुमारे 40 सेकंद, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचे. हाताने स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदांची चूक सहज होते. 40 सेकंदांत 0.2 सेकंद म्हणजे अर्धा टक्का. दोलनकालाचा वर्ग सूत्रात येत असल्याने उत्तरात ही त्रुटी दुप्पट होते, म्हणजे 1 टक्का. सेंटीमीटरच्या एककात सुमारे 10. याचा अर्थ असा की प्रामाणिकपणे मोजणाऱ्या वर्गात कोणाचे उत्तर 970 येईल, कोणाचे 988, कोणाचे 977. उत्तरे विखुरलेलीच असली पाहिजेत. त्या विखुरण्याचा अभ्यास हाच त्या प्रयोगाचा खरा धडा आहे.

आता प्रत्यक्षातली जर्नले उघडून पाहा. वर्गच्या वर्ग 980 आणि 981 च्या आसपास एका रांगेत उभा असतो. हे मोजमाप नाही. उत्तर आधी लिहून त्यावरून उलट गणित करून नोंदी भरल्या आहेत, किंवा मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी जर्नलातून त्या उतरवल्या आहेत. यातला सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. 981 हा आकडा भारतातला नाहीच. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे गुरुत्व त्वरण अक्षांशानुसार बदलते. ते चेन्नईत सुमारे 978.3, पुण्यात सुमारे 978.4 आणि दिल्लीत सुमारे 979.1 भरते. भारताच्या भूमीवर कुठेही ते 980 पर्यंत पोहोचत नाही. 981 हा युरोपच्या अक्षांशांना शोभणारा आकडा पाठ्यपुस्तकांतून आला, आणि चेन्नईपासून चंडीगडपर्यंतची मुले आपल्या पायाखालची जमीन सोडून तो सिद्ध करून दाखवतात. नक्कल तर खरीच, पण जिची नक्कल केली ती गोष्टही आपल्या जागी खरी नाही.

या मुलांनी असे का केले? कारण ज्याने 968 लिहिले त्याचे गुण कापले गेले, आणि ज्याने मोजलेच नाही पण 980.4 लिहिले त्याच्या जर्नलावर ‘उत्तम’ असा शेरा पडला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला यातून जे कळायचे ते लख्ख कळते. निसर्ग काय सांगतो हे महत्त्वाचे नाही. परीक्षकाला काय हवे ते महत्त्वाचे. विज्ञानाच्या पहिल्याच पायरीवर आपण त्याला विज्ञानाच्या नेमके उलट काहीतरी शिकवून ठेवले. पुढची सारी नक्कल हा याच धड्याचा विस्तार आहे.

मानसशास्त्रातही याला आधार आहे. एरिक अँडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या शालेय विद्यार्थ्यांना विज्ञान विषयातल्या नकलेबद्दल विचारले होते. आपल्या वर्गात गुण, क्रमांक आणि बक्षिसे यांनाच किंमत आहे असे ज्यांना वाटत होते, ती मुले नक्कल करण्याची शक्यता अधिक आढळली. समजून घेणे हे ध्येय असेल तर नक्कल निरर्थक ठरते, कारण दुसऱ्याच्या वहीतून समज उतरवता येत नाही. दाखवणे हे ध्येय झाले की नक्कल हा सर्वांत कमी श्रमाचा, म्हणून सर्वांत तर्कशुद्ध मार्ग ठरतो. विद्यार्थ्याची बुद्धी इथे बिघडलेली नसते. आपण ठेवलेल्या ध्येयाशी ती चोख प्रामाणिक असते.

पण एवढ्याने भागत नाही, कारण नक्कल करणाऱ्यालाही स्वतःला चांगला माणूस समजायचे असते. हा या विषयाचा गाभा आहे. चोरी करून स्वतःला चोर न म्हणण्याची सोय मन कशी करते? ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957 साली बालगुन्हेगारांबद्दल लिहिताना अशा पाच युक्त्या सांगितल्या. गुन्हा करणाऱ्याला नीतिनियम मान्य असतात. फक्त आपल्यापुरते ते निष्प्रभ करण्याची कारणे तो तयार ठेवतो. पुढे परीक्षेतल्या नकलेचा अभ्यास करणाऱ्यांनीही हीच चौकट वापरली. आपल्या महाविद्यालयांत या पाचही युक्त्या रोज ऐकू येतात.

पहिली, जबाबदारी नाकारणे: ‘वेळच दिला नाही, दुसरा इलाज काय होता?’ दुसरी, नुकसान नाकारणे: ‘प्रास्ताविकच तर उचलले, त्यात कोणाचे काय गेले?’ तिसरी, ज्याचे नुकसान झाले तो पीडित असल्याचेच नाकारणे: ‘हा विषय शिकवलाच नाही त्यांनी, त्यांना फसवले तर काय बिघडले?’ चौथी, दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवणे: ‘सरांच्या नोट्स कुठून आल्या ते आम्हाला माहीत आहे.’ आणि पाचवी, अधिक मोठ्या निष्ठेचा हवाला: ‘मित्राने मागितले, नाही कसे म्हणणार?’ किंवा ‘घरचे किती आशेने बसले आहेत.’

ही यादी वाचून हसू नका. यातली प्रत्येक सबब खोटी असती तर काम सोपे होते. त्यांची ताकद अशी की प्रत्येकीत थोडे सत्य आहे, आणि ते सत्य आम्ही पुरवलेले आहे. वेळ खरोखरच दिलेला नसतो. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात पाच विषयांचे प्रकल्प एकदम मागितले जातात. अनेक प्राध्यापक खरोखरच शिकवत नाहीत. आणि नोट्स कुठून आल्या ते मुलांना खरोखरच माहीत असते.

चौथ्या सबबीजवळ जरा थांबू, कारण ती वडीलधाऱ्यांना सर्वाधिक झोंबते. 2002 साली कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंवर, जे स्वतः पदार्थवैज्ञानिक होते, स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांचा 1996 चा शोधनिबंध उचलल्याचा आरोप झाला. स्टॅनफर्डच्या पदार्थवैज्ञानिकांनी, ज्यांत नोबेल विजेतेही होते, थेट राष्ट्रपती कलाम यांना पत्र लिहिले. निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशीत आरोपात तथ्य आढळले आणि 2003 मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. 2010 साली बीटी वांग्याच्या वादात सरकारने देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांकडे अहवाल मागितला. आलेल्या अहवालात आधी प्रसिद्ध झालेल्या एका लेखातला मजकूर श्रेय न देता जवळपास जसाच्या तसा उतरलेला निघाला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि अकादम्यांना सुधारित अहवाल द्यावा लागला. एका विद्यापीठाचे सर्वोच्च पद आणि देशातल्या वैज्ञानिकांची सर्वोच्च व्यासपीठे! आता ‘संस्कार’ हा शब्द उच्चारताना तो कोणाकडे पाहून उच्चारायचा, ते आपणच ठरवा.

इथे आणखी एका मानसिक यंत्रणेचा उल्लेख करायला हवा. अमेरिकेत विल्यम बॉवर्स यांनी 1964 साली 99 महाविद्यालयांतल्या 5,000 हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिकांनी कोणत्या ना कोणत्या शैक्षणिक गैरप्रकाराची कबुली दिली. म्हणजे मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हते, तेव्हाही हे होतेच. पुढे डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी 1993 साली 31 संस्थांतल्या 6,000 हून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून दाखवले की त्यांनी तपासलेल्या घटकांत नकलेशी सर्वांत घट्ट संबंध होता तो आपले सोबती काय करतात या विद्यार्थ्याच्या समजुतीचा. हे आकडे भारताला जसेच्या तसे लावू नयेत, पण त्यामागचे कारण सीमा ओळखत नाही. प्रामाणिक मुलाला जेव्हा वाटते की सगळेच करतात, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न बदलतो. ‘हे योग्य आहे का?’ याच्या जागी ‘मी एकटाच मूर्ख ठरतो आहे का?’ हा प्रश्न येतो. माणूस पापाला जितका घाबरतो त्याहून कितीतरी अधिक मूर्ख ठरण्याला घाबरतो.

आता भीतीच्या आणखी एका रूपाकडे वळू. आपल्या देशात त्याची चर्चा जवळपास होतच नाही. ते रूप म्हणजे भाषा. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी, हिंदी, तमिळ किंवा ओडिया माध्यमातून शिकून आलेली मुलगी एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे प्रास्ताविक लिहायला बसते. प्रयोग तिने स्वतः केला आहे. आलेख तिचा आहे, निष्कर्ष तिचा आहे. पण इंग्रजीतले पहिले वाक्य तिला सुचत नाही, आणि सुचले तरी ते समोरच्या छापील वाक्यापुढे गावंढळ वाटते. मग ती छापील वाक्य घेते, एक शब्द बदलते, दुसऱ्या निबंधातले अर्धे वाक्य त्याला जोडते. लेखनशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी या प्रकाराला जे नाव दिले, त्याला मराठीत ठिगळलेखन म्हणता येईल. त्यांचे म्हणणे असे की नवख्या लेखकाची ही शिकण्याच्या वाटेवरची एक पायरी असते, आणि तिच्याकडे केवळ गुन्हा म्हणून पाहणे चूक आहे.

ही अडचण नवख्यांपुरती राहत नाही. 2011 साली ‘अॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकात आलेल्या, सी. एन. आर. राव यांच्यासारख्या ज्येष्ठ वैज्ञानिकाचेही नाव असलेल्या एका निबंधात काही वाक्ये दुसऱ्या निबंधातून आलेली आढळली आणि लेखकांना जाहीर क्षमा मागावी लागली. त्या ओळी एका विद्यार्थी सहलेखकाने लिहिल्या होत्या, असे तेव्हा सांगितले गेले. मूळ संशोधन उचलल्याचा आरोप नव्हता. उचलली होती ती भाषा. मला त्यातून दिसते ते एवढेच: देशातल्या उत्तम संस्थेतही विद्यार्थ्याला प्रयोग करायला शिकवले जाते, पण त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवणे हे कोणाचेच काम नसते. आणि चूक झाली की बोट खाली, सर्वांत धाकट्या नावाकडे जाते.

एवढी कारणे समोर असताना आपण उपाय काय केला? विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2018 मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी विनियम काढले. त्यांतली व्याख्या चांगली आहे: दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे. कल्पनेचा उल्लेख त्यात आहे. पण व्याख्येनंतर शिक्षेची पायरी येते, आणि तिथे कल्पना नाहीशी होऊन टक्के उरतात. समानता 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करा. 40 ते 60 टक्के असेल तर एक वर्ष सादर करण्यास बंदी. 60 टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. सामान्य ज्ञानातला किंवा योगायोगाने जुळलेला मजकूर सलग 14 शब्दांपर्यंत मोजणीतून वगळायचा.

या तक्त्याचा विद्यार्थ्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार हे विनियम लिहिताना कोणी केला असेल असे वाटत नाही. तक्ता सांगतो की अप्रामाणिकपणा ही मोजता येणारी वस्तू आहे आणि तिची एक परवानगी असलेली मात्रा आहे. मग विद्यार्थ्याचा प्रश्न ‘हे माझे आहे का?’ असा राहत नाही. ‘माझे किती टक्के आले?’ असा होतो. 38 टक्के आले की तो पुन्हा बसतो आणि शब्दांची फिरवाफिरव करून ते 9 वर आणतो. विचार दुसऱ्याचाच राहतो, फक्त त्याचा वेष बदलतो. शेवटी प्रमाणपत्र मिळते आणि ते प्रबंधाला जोडले जाते. लंबकाच्या जर्नलात 980.4 लिहिणारा मुलगा दहा वर्षांनी समानता अहवालात 9.4 टक्के आणतो. धडा तोच आहे, आकडा बदलला आहे.

या फिरवाफिरवीची जगभर शोभा झालेली आहे. गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव्ह यांनी 2021 मध्ये शोधनिबंधांतल्या विचित्र शब्दप्रयोगांचा माग काढला. पकडले जाऊ नये म्हणून शब्द बदलणारी यंत्रे वापरल्याने ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झाले होते, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची बनावट जाणीव झाली होती; स्तनांच्या कर्करोगाचे ‘बुझम पेरिल’ म्हणजे उरावरचे संकट झाले होते. हे निबंध लिहिले गेले, तपासले गेले आणि छापले गेले. ते कोणीतरी वाचले असते, तर ही वाक्ये टिकली नसती. सॉफ्टवेअर शब्दांच्या माळा जुळवून पाहते; वाचण्याचे काम ते करत नाही. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तर कोणाच्याही मजकुराशी न जुळणारा, तरीही विद्यार्थ्याचा नसलेला प्रबंध एका संध्याकाळी तयार होऊ शकतो. त्याची समानता शून्याच्या जवळ येईल. आमच्या तक्त्यानुसार तो निष्कलंक ठरेल.

हेच वरच्या पातळीवरही घडले आहे. 2010 च्या सुमारास प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांक आले आणि त्यांत निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. पीएच.डी.आधी निबंध प्रसिद्ध करण्याची अटही आली. परिणाम असा झाला की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना भारतात सुगीचे दिवस आले, आणि मे 2018 मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्यता यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. 2022 च्या विनियमांत पीएच.डी.साठीची ती सक्ती वगळली गेली, हे शहाणपणाचे झाले. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच बजावले होते की एखाद्या सामाजिक आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होईल आणि ज्या व्यवस्थेवर देखरेख ठेवायची तिलाही भ्रष्ट करील. आपण प्रत्येक वेळी आकडा भ्रष्ट झाला की नवा आकडा आणतो. मागे घेतलेल्या निबंधांचे ऋण गुण हा त्यातला ताजा आकडा. संस्था त्यावरही मार्ग काढतील, आणि सर्वांत सोपा मार्ग आहे चूक कबूल न करण्याचा, निबंध मागे न घेण्याचा.

शपथेचा उपाय सुचवणारेही आहेत. प्रतिज्ञापत्रावर सही घ्या, म्हणजे मन जागे होईल. याबाबत एक शिकण्यासारखी गोष्ट घडली आहे. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक अधिक खरे बोलतात, असा निष्कर्ष 2012 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पुढे त्याच लेखकांना तो निष्कर्ष पुन्हा मिळेना. नंतर त्यातल्या एका प्रयोगाची, मोटारींच्या मीटरवरील नोंदींची, आकडेवारी बनावट असल्याचे उघड झाले आणि 2021 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध! प्रामाणिकपणाबद्दल माहिती असणे आणि प्रामाणिक असणे यांत किती अंतर आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही. नीतिशास्त्राचे दोन श्रेयांकांचे सक्तीचे पाठ घेऊन काम झाले असे मानणाऱ्या विद्यापीठांनी हे भिंतीवर लावून ठेवावे.

इथे मला उलट विचारले जाईल: म्हणजे विद्यार्थ्याचा काहीच दोष नाही? सगळे व्यवस्थेच्या माथी? त्याच वर्गात, त्याच परिस्थितीत प्रामाणिक राहणारी मुले असतात, त्यांचे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे टाळू नये. कारण सांगणे म्हणजे माफी देणे नव्हे. ताप कशाने आला हे शोधणारा वैद्य तापाची वकिली करत नसतो. नक्कल करणारा विद्यार्थी अन्याय करतो, आणि तो सर्वांत आधी त्याच मुलीवर करतो जिने 968 लिहून गुण गमावले. पण तिच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर नकलेखोराला शिक्षा देऊन पुरेसे होत नाही. तिचे 968 खरे होते हे मान्य करून तिला गुण द्यावे लागतात. ते आपण देतो का? प्रामाणिक मुलांचा कळवळा आपल्याला फक्त शिक्षेचे समर्थन करताना येतो, मूल्यमापन बदलताना येत नाही.

मग काय करावे? फार मोठे काही नाही, आणि फार पैशाचेही नाही.

प्रयोगाला गुण देताना उत्तराला शून्य महत्त्व द्या. पेनाने लिहिलेल्या मूळ नोंदी, खोडलेल्या ओळींसकट, मागा. त्रुटीचा अंदाज मागा. वर्गाच्या साऱ्या उत्तरांचा एकच आलेख फळ्यावर काढा आणि ती का विखुरली यावर तासभर बोला. ज्या वर्गात सगळ्यांचे उत्तर एकच येते, त्या वर्गाने प्रयोग पुन्हा करावा.

समानतेच्या टक्केवारीला निकालाचा दर्जा देणे थांबवा. अहवाल हवा तर काढा, पण तो मार्गदर्शकाने वाचण्याचे साधन म्हणून. त्याऐवजी विद्यार्थ्याला वीस मिनिटे समोर बसवा आणि त्याच्याच प्रबंधातल्या एका परिच्छेदाबद्दल विचारा: हे तुम्ही इथे का लिहिले? हे चूक ठरले तर पुढचे काय कोसळेल? हे उत्तर त्याला मराठीत, हिंदीत, बंगालीत देऊ द्या. ज्याने विचार केला आहे तो कोणत्याही भाषेत सांगेल. ज्याने केला नाही त्याला कोणतेही यंत्र त्या वीस मिनिटांत वाचवू शकणार नाही.

लिहायला शिकवा. प्रथम वर्षापासून दर पंधरवड्याला एक पान, बिनगुणांचे, कोणीतरी वाचून परत देईल असे. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडून त्याचे श्रेय कसे द्यायचे हे कोणी जन्मतः शिकून येत नाही. आणि ज्या निबंधावर मार्गदर्शकाचे नाव आहे त्याची जबाबदारी त्या नावासकट घ्या. श्रेय वाटून घेताना ज्येष्ठ आणि दोष देताना कनिष्ठ, ही प्रथा एका पिढीत मोडली तरी चौथी सबब आपोआप गळून पडेल.

विद्यार्थी मित्रांनो आणि मैत्रिणींनो, शेवटचे तुमच्याशी. व्यवस्था बदलायला वेळ लागेल आणि तोवर तुमची पदवी होऊन जाईल, हे मला माहीत आहे. ‘सगळेच करतात’ हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल, आणि त्यात तथ्यही असेल. तरीही एक हिशेब करून पाहा. उसन्या परिच्छेदाने गुण मिळतात, पण त्या जागी तुम्हाला स्वतःला जे कळायचे होते ते कायमचे राहून जाते, आणि ही तूट कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही. ती पुढे दिसते, जेव्हा एखादा प्रश्न असा येतो की ज्याचे उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलात नसते. संशोधन म्हणजे अशाच प्रश्नांचा व्यवसाय.

म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला उत्तर 968 आले तर 968 च लिहा. त्याखाली लिहा, त्रुटी अधिक-उणे 10. परीक्षकाने विचारले की 980 का आले नाही, तर नम्रपणे सांगा की सर, ते आपल्या गावात नसतेच.